तीर्थवंदना आणि वास्तुदर्शन : नेमगिरी ते वेरूळ

(सुवर्णमहोत्सवानिमित्त झालेल्या व्याख्यानाचा मजकूर)



जुन्या दगडांची ओळख पाथरीकरांना नव्याने करून द्यावी लागत नाही. गोदावरीच्या उत्तरेस वसलेले हे गाव मध्ययुगात मोठ्या राजकारणाचा विषय झाले होते. अहमदनगरच्या निजामशाहीचा मूळ पुरुष मलिक हसन बहिरी याचे पूर्वज पाथरीचे कुलकर्णी होते, असे इतिहासकार फेरिश्ता नमूद करतो. पूर्वजांचे गाव आपल्या राज्यात असावे या हट्टापायी बुऱ्हाण निजामशहाने वऱ्हाडच्या इमादशाहीशी वैर पत्करले आणि १५१८ मध्ये पाथरी जिंकून घेतली. पुढे ‘आईन-ए-अकबरी’त वऱ्हाड सुभ्यातील एका सरकारचे ठिकाण म्हणून या गावाची नोंद झाली. पूर्वजांच्या गावासाठी राजे लढले. पूर्वजांनी उभारलेल्या तीर्थांसाठी वंशजांनी निदान दोन-तीन तास थांबावे, एवढीच अपेक्षा प्रस्तुत विवेचनामागे आहे.

मराठवाड्यातील जैन कुटुंबांची यात्रा बहुधा ठरलेल्या वळणाची असते. सुट्टी लागली की चार-सहा घरे मिळून गाडी ठरवितात. जिंतूरजवळील नेमगिरी, नवागडचे नेमिनाथ, शिरड शहापूरचे मल्लिनाथ, कचनेरचे चिंतामणी पार्श्वनाथ, पैठणचे मुनिसुव्रतनाथ आणि वेरूळ, अशी नावे मागेपुढे होतात एवढेच. अभिषेक सकाळचा आणि भोजन सूर्यास्तापूर्वीचे. या दोन वेळांच्या मध्ये जितकी क्षेत्रे बसतील तितकी बसविली जातात. घरी परतल्यावर किती क्षेत्रे ‘झाली’ याचा हिशेब सांगितला जातो. वंदनेपुरता हा वेळ पुरतोही, कारण वंदना भावाची असते. परंतु ज्या वास्तूत ती वंदना घडली ती कोणी उभारली, कशी उभारली, आणि तिच्यात मागच्या शंभर वर्षांत काय बदलले, हे पाहण्यास तो पुरत नाही. आणि जे पाहिलेच जात नाही, ते नाहीसे झाले तरी कोणाच्या ध्यानात येत नाही.

या दृष्टीने दोन स्थळे शेजारी शेजारी ठेवून पाहण्यासारखी आहेत. एक परभणी जिल्ह्यातीलच नेमगिरी, जेथे पूजा अखंड चालू आहे. दुसरे वेरूळ, जेथील जैन लेण्यांत नित्यपूजा होत नाही, पण पाषाण मात्र बऱ्याच अंशी मूळ रूपात उभा आहे.

जिंतूर गावापासून जवळच नेमगिरी आणि चंद्रगिरी या दोन टेकड्या आहेत. नेमगिरीच्या गुंफांची दारे इतकी ठेंगणी आणि अरुंद आहेत की मनुष्याला वाकून, काही ठिकाणी जवळजवळ बसूनच आत शिरावे लागते. आत गेल्यावर मात्र एकदम भव्य मूर्ती समोर येते. नेमिनाथ, शांतिनाथ, पार्श्वनाथ, बाहुबली अशा मूर्ती एकामागून एक गुंफांतून दर्शन देतात. पार्श्वनाथांची विशाल पाषाणमूर्ती अगदी लहानशा टेकूवर तोललेली असल्याने तिला ‘अंतरिक्ष पार्श्वनाथ’ म्हणतात. प्रत्येक लहान मूल येथे एकच प्रश्न विचारते : एवढी मोठी मूर्ती एवढ्याशा दारातून आत आली कशी? मोठी माणसे ‘अतिशय’ म्हणून हात जोडतात आणि पुढे सरकतात. वास्तविक तो प्रश्न फार चांगला आहे. मूर्ती दारापेक्षा मोठी असेल, तर एकतर ती तेथेच घडविली असली पाहिजे किंवा मूर्ती स्थापन झाल्यावर भिंत आणि दार मागाहून बांधले गेले असले पाहिजे. दाराभोवतीचे दगड, त्यांचे सांधे आणि छताची ठेवण नीट न्याहाळली, तर यांपैकी कोणते उत्तर कोणत्या गुंफेला लागू पडते याचा विचार करता येतो. मुलाच्या प्रश्नाने श्रद्धेला काही उणेपणा येत नाही. उलट, संकटाच्या काळात मूर्ती जपण्यासाठी कोणीतरी केवढा खटाटोप केला असेल, हे त्यातून प्रथमच जाणवते.

मूर्ती जपण्याचा हा खटाटोप या भागात सर्वत्र दिसतो. नवागडची नेमिनाथांची मूर्ती पूर्वी पूर्णा नदीकाठच्या उखळद येथे होती. शिरड शहापूर येथील मल्लिनाथांची मूर्ती अर्धापूरहून आणली गेली. म्हणजे मराठवाड्यात मंदिर मागे राहिले आणि मूर्ती पुढे गेली, असे पुनःपुन्हा घडले आहे. त्यामुळे एखाद्या मंदिराची इमारत नवी असली तरी आतील मूर्ती कित्येक शतके जुनी असू शकते. आणि तिचा इतिहास भिंतींवर नसून तिच्या पादपीठावरील दोन-तीन ओळींत असतो. या मुद्द्याकडे पुढे यावयाचे आहे.

जिंतूर तालुक्यातच चारठाणा हे गाव आहे. यादवकालीन मंदिरांचा असा समूह परभणी जिल्ह्यात क्वचितच आढळेल. गोकुळेश्वराचे मंदिर व बारव, नृसिंहाचे मंदिर, आणि गावातील तो उंच दगडी स्तंभ. त्या स्तंभाला कोणी दीपमाळ म्हणतो, कोणी मानस्तंभ. नावावरून वाद घालण्यात अर्थ नाही, पाहण्यात आहे. दीपमाळेला दिवे ठेवण्याची सोय लागते. मानस्तंभ जिनमंदिरासमोर उभा असतो आणि त्याच्या शिरोभागी चारी दिशांना जिनप्रतिमा असतात. समोर मंदिर होते काय, त्याचे जोते कोठे आहे, स्तंभाच्या माथ्यावर काय आहे, एवढे तीन प्रश्न मनात धरून तेथे गेले, तर गावचा स्तंभच अर्धे उत्तर देतो. अशी सवय जवळच्या गावात लावून घेतली, म्हणजे वेरूळला गेल्यावर डोळे उघडे राहतात.

वेरूळच्या डोंगरात क्रमांक दिलेली एकूण ३४ लेणी आहेत. १ ते १२ बौद्ध, १३ ते २९ हिंदू आणि ३० ते ३४ जैन. हे क्रमांक काळाचे नव्हेत. दक्षिणेकडून उत्तरेकडे चालत जाणाऱ्याच्या वाटेचे आहेत. जैन लेणी उत्तरेच्या टोकाला, इतरांपासून काहीशी अंतरावर आहेत. येथेच सर्व घोटाळा होतो. सामान्य प्रवासी सोळाव्या क्रमांकाच्या कैलासापाशी पोहोचतो, थक्क होतो, आणि दमून परत फिरतो. जैन यात्रेकरू डोंगरावरील पार्श्वनाथांचे दर्शन घेतो, मुलांनी कैलास पाहिलाच पाहिजे म्हणून तिकडे जातो, आणि तोवर भोजनाची वेळ झालेली असते. राष्ट्रकूट राजा कृष्ण पहिला याच्या काळातील कैलास पाहू नये असे कोणी सुज्ञ म्हणणार नाही. परंतु पूर्वजांनी कोरलेली पाच लेणी दोन्ही बाजूंनी वगळली जातात, हे दुर्दैव आहे.

एकेकाळी असे नव्हते. दहाव्या शतकातील अरब प्रवासी अल मसूदी याने आपल्या ग्रंथात वेरूळच्या देवस्थानाचा उल्लेख दूरदूरचे यात्रेकरू येण्याचे स्थान म्हणून केला आहे. तेथे भक्तांच्या निवासासाठी असलेल्या असंख्य खोल्यांची कीर्ती त्याच्यापर्यंत पोहोचली होती. तेराव्या शतकात महानुभाव पंथाचे श्रीचक्रधर स्वामी येथे काही महिने राहिले, असे ‘लीळाचरित्र’ सांगते. शेजारचे खुलताबाद पुढे सूफी संतांच्या दर्ग्यांचे क्षेत्र झाले, आणि घृष्णेश्वराचे ज्योतिर्लिंग तर वेरूळ गावातच आहे. दोन-तीन कोसांच्या आत इतक्या परंपरांचे यात्रेकरू शतकानुशतके येत राहिले, असे ठिकाण महाराष्ट्रात दुसरे दाखविणे कठीण.

जैन लेण्यांचा काळ स्थूलमानाने नववे-दहावे शतक मानला जातो. राष्ट्रकूट सम्राट अमोघवर्ष (८१४ ते ८७८) हा आचार्य जिनसेनांचा भक्त. जिनसेनांनी गुरू वीरसेनांची अपुरी राहिलेली ‘जयधवला’ टीका शक ७५९ मध्ये, म्हणजे इ.स. ८३७ मध्ये पूर्ण केली आणि ‘आदिपुराण’ रचले. तो काळच जैन विद्येच्या वैभवाचा. त्यामुळे वेरूळची जैन लेणी राजाश्रयाने झाली असावीत, असे सहज मनात येते. परंतु मूर्तींखाली जी नावे कोरलेली आढळतात ती राजांची नाहीत. इंद्रसभेतील शांतिनाथांच्या एका प्रतिमेखाली सोहिल नावाच्या ब्रह्मचाऱ्याचे नाव आहे; दुसऱ्या एका प्रतिमेवर नागवर्मा असे नाव आहे. एवढेच, पदवी नाही, प्रशस्ती नाही. एकेका प्रतिमेपुरते द्रव्य देणारे किंवा ती घडविणारे साधे धर्मप्रेमी, अशीच ती नावे वाटतात. डोंगर फोडण्याचे काम एखाद्या सम्राटाशिवाय होत नाही असे मानणाऱ्याने ही दोन नावे अवश्य पाहावीत.

लेणे क्रमांक ३० यास ‘छोटा कैलास’ म्हणतात. मोठ्या कैलासाच्या धर्तीवर अखंड खडकातून वरून खाली कोरीत आणलेले हे जिनमंदिर अपुरे राहिले. पुष्कळ लोक अपुरे म्हणून ते टाळतात; वास्तविक शिकण्यासारखे तेच आहे. पूर्ण झालेल्या लेण्यात कारागिराने आपली हत्यारे पुसून टाकलेली असतात. अपुऱ्या लेण्यात छिन्नीचे घाव, सोडून दिलेले खडकाचे ठोकळे, अर्धवट आकार दिसतात, आणि काम वरून खाली कसे उतरत गेले हे कळते. बांधीव मंदिराचा पाया आधी आणि शिखर शेवटी. येथे शिखर आधी आणि पाया शेवटी. वर चूक झाली तर ती सुधारण्यास दुसरा दगड नाही.

लेणे क्रमांक ३२, इंद्रसभा, हे या समूहाचे हृदय होय. दारातून आत शिरताच अंगणाच्या मध्यभागी अखंड खडकातून कोरलेले एक लहान मंदिर दिसते. आत चौमुखी, म्हणजे सर्वतोभद्र प्रतिमा आहे. कोणत्याही दिशेने आले तरी जिनेश्वर सन्मुख. समवसरणात भगवंत सर्व दिशांच्या श्रोत्यांना आपल्याकडेच पाहत आहेत असे भासतात, ही जी शास्त्रातील कल्पना, ती येथे दगडात उतरली आहे. एका बाजूस हत्ती, दुसऱ्या बाजूस मानस्तंभ. हा मानस्तंभ एकोणिसाव्या शतकात कोसळला होता. आज तो पुन्हा उभा दिसतो. त्याच्याही माथ्यावर चौमुखी प्रतिमा आहेत. चारठाण्याचा स्तंभ पाहून आलेल्याने येथे क्षणभर थांबावे.

वरच्या मजल्यावर भव्य सभामंडप आहे. व्हरांड्याच्या एका टोकाला वटवृक्षाखाली हत्तीवर बसलेला यक्ष, दुसऱ्या टोकाला आम्रवृक्षाखाली सिंहावर बसलेली, मूल जवळ घेतलेली अंबिका. हत्तीवरील यक्षाला जुन्या लोकांनी इंद्र मानले, अंबिकेला इंद्राणी, आणि लेण्याचे नाव इंद्रसभा पडले. नाव चुकीचे खरे, पण रूढ झालेले नाव बदलण्याचा हट्ट कशाला? आंब्याचे झाड आणि सिंह ही अंबिकेची खूण ज्याला ठाऊक आहे, त्याची फसगत होत नाही. अंबिका ही नेमिनाथांची शासनदेवी. नेमगिरी आणि नवागड येथे नेमिनाथांना वंदन करून आलेल्या पाथरीच्या यात्रेकरूला ती परकी वाटण्याचे कारण नाही.

परंतु वेरूळच्या जैन लेण्यांत सर्वांत मनन करण्यासारखी जोडी आहे ती पार्श्वनाथ आणि बाहुबली यांची. एका भिंतीवर कायोत्सर्गात उभे पार्श्वनाथ, समोरच्या किंवा शेजारच्या भिंतीवर कायोत्सर्गात उभे बाहुबली, अशी रचना येथे पुनःपुन्हा केलेली आढळते. पार्श्वनाथांवर कमठाच्या जीवाचा उपसर्ग चाललेला आहे. विक्राळ आकृती चहूबाजूंनी तुटून पडत आहेत, कोणी शिळा उचलली आहे. मस्तकावर धरणेंद्राने फणा उभारल्या आहेत, पद्मावतीने छत्र धरले आहे. सगळीकडे गोंधळ, मध्ये निश्चल देह. बाहुबलींच्या भिंतीवर याच्या नेमके उलट. तेथे आवाजच नाही. वेली मांड्यांवरून दंडांपर्यंत चढल्या आहेत, पायाशी सर्प आहेत, हरिणे निर्भयपणे बसली आहेत. दोन्ही बाजूंच्या स्त्रिया त्या वेली हळुवारपणे दूर करीत आहेत. ‘आदिपुराणा’त हे काम विद्याधरी करतात, सामान्य भाविक त्यांना ब्राह्मी आणि सुंदरी या बहिणी समजतो.

एका तपस्व्याला बाहेरच्या आघाताने छळले, दुसऱ्याला काळाने विळखा घातला. दोघेही उभेच. गृहस्थाच्या वाट्याला येणारी दुःखे याच दोन जातींची असतात. एक अंगावर कोसळते आणि दुसरे वेलीसारखे न कळत चढते. ज्याने ही दोन शिल्पे समोरासमोर कोरविली त्याने प्रवचनाचे काम दगडावर सोपविले, असे म्हणावेसे वाटते. श्रवणबेळगोळचा जगप्रसिद्ध गोम्मटेश्वर दहाव्या शतकाच्या अखेरचा आहे. वेरूळचे बाहुबली सामान्यतः त्याच्याही आधीचे मानले जातात. मराठवाड्यातील श्रावक महामस्तकाभिषेकासाठी शेकडो मैल दक्षिणेस जातो, हे योग्यच आहे; पण घराजवळच्या बाहुबलींची त्याला ओळखही नसावी, हे मनाला लागते.

छतांवर रंगचित्रांचे अवशेष आहेत, काळवंडलेले पण दिसणारे. मान वर करून, डोळे अंधाराला सरावले की रेषा उमटू लागतात. त्यासाठी पाच मिनिटे स्वस्थ उभे राहावे लागते. क्रमांक ३३, जगन्नाथसभा, इंद्रसभेला लागूनच आहे. तेथील खांब आणि प्रतिमांची रेलचेल पाहून पुढे क्रमांक ३४ चे लहान लेणे पाहता येते.

आता डोंगरावरील पार्श्वनाथांकडे वळावे. लेण्यांच्या वरच्या अंगास पार्श्वनाथांची भव्य बैठी मूर्ती आहे आणि तिच्यावर मागाहून बांधलेले छत्र आहे. येथे पूजा चालू आहे. मूर्तीच्या आसनावरील शिलालेख शक ११५६ चा, जय संवत्सराचा आहे. देवगिरीच्या यादवांपैकी सिंघण राजाच्या राजवटीतला हा काळ. लेखात वर्धनपूरच्या राणुगीचे, त्याचा पुत्र गालुगीचे आणि गालुगीचा पुत्र चक्रेश्वर याचे नाव येते. या चक्रेश्वराने डोंगरावर जिनेश्वरांच्या मोठ्या प्रतिमा करवून, भरताने कैलासाला तीर्थ केले तसे चारणाद्रीला तीर्थ केले, असा लेखाचा आशय आहे. चारण ऋद्धीचे मुनी ज्या पर्वतावर येतात तो चारणाद्री, हे वेरूळच्या डोंगराचे जैन नाव. आणि कैलास म्हणजे येथे सोळावे लेणे नव्हे, तर ऋषभदेवांचे निर्वाणस्थान अष्टापद.

चक्रेश्वर आला तेव्हा खालची लेणी होऊन तीन-चारशे वर्षे लोटली होती. त्या काळातील धनिकाला इंद्रसभेतच एखादी भिंत घासून आपले नाव कोरविणे अशक्य नव्हते. त्याने वरचा स्वतंत्र खडक निवडला. खालचे काम खाली राहिले, त्याचे काम वर उभे राहिले, आणि दोन्ही आज पाहता येतात. जीर्णोद्धार या शब्दाचा विचार करताना चक्रेश्वराचे हे उदाहरण डोळ्यांपुढे ठेवण्यासारखे आहे. कारण आज मराठवाड्यातील कित्येक जुन्या मंदिरांत दगडी भिंतीवर चकचकीत टाइल्स बसतात, नक्षीच्या खांबांवर ऑइलपेंटचे थर चढतात, जुना गाभारा पाडून संगमरवराचा नवा होतो. देणगीदाराची भावना शुद्ध असते, यात शंका नाही. परंतु ज्या दगडावर आठशे वर्षांपूर्वीच्या देणगीदाराचे नाव होते, तो दगड मलब्यात गेला की त्या माणसाचे पुण्य जमेस धरणारे पृथ्वीवर कोणी उरत नाही. वेरूळची लेणी सरकारी संरक्षणात आहेत, १९८३ पासून जागतिक वारशाच्या यादीत आहेत. तेथे कोणी खिळाही ठोकू शकत नाही. गावोगावच्या मंदिरांना तसे रक्षण नाही. त्यांचे रक्षक त्यांचे विश्वस्त आणि पुजारीच.

पादपीठावरील लेखांचा मुद्दा येथे येतो. धातूच्या आणि पाषाणाच्या बहुतेक जिनप्रतिमांवर दोन-चार ओळींचा लेख असतो. त्यात प्रथम संवत किंवा शक, मास, तिथी. मग मूलसंघ, सरस्वतीगच्छ, बलात्कारगण अथवा सेनगण, कुंदकुंदाचार्यान्वय. मग भट्टारकांची परंपरा. आणि शेवटी प्रतिमा करविणाऱ्या कुटुंबाची जात, गोत्र व नावे. घरातील स्त्रियांची नावेही पुष्कळदा असतात. डॉ. विद्याधर जोहरापूरकर यांचा ‘भट्टारक संप्रदाय’ हा १९५८ चा ग्रंथ अशाच मूर्तिलेखांच्या आणि हस्तलिखितांच्या आधाराने उभा आहे. कारंजा, लातूर येथील भट्टारकपीठांचा जो इतिहास आज सांगितला जातो, तो मोठ्या प्रमाणावर या ओळींतून मिळाला.

एक उदाहरण घरोघरीच्या परिचयाचे आहे. मराठवाड्यातील अनेक मंदिरांत पांढऱ्या संगमरवराच्या लहान-मध्यम प्रतिमांवर संवत १५४८, वैशाख शुद्ध तृतीया असा लेख आढळतो. मूडासा येथे शेठ जीवराज पापडीवाल यांनी भट्टारक जिनचंद्रांच्या हस्ते प्रतिष्ठा करविलेल्या या प्रतिमा. त्यांची संख्या परंपरेने लाखात सांगतात, आणि त्या देशभर गावोगावी पोहोचविल्या गेल्या. म्हणजे इ.स. १४९१ च्या अक्षय्यतृतीयेला प्रतिष्ठित झालेली एक प्रतिमा दूरच्या प्रदेशातून गाडीवरून, बैलाच्या पाठीवरून मराठवाड्यातील एखाद्या खेड्यात आली. ती कोणी आणली, कोणत्या वाटेने आली, हे तिच्याखालच्या ओळीत नसते. ते गावातील वृद्धांच्या बोलण्यात असते, आणि तेही थोडीच वर्षे.

लेख वाचताना एक सावधगिरी आवश्यक. विक्रम संवतातून ५७ वजा केले असता इसवी सन मिळतो, शकात ७८ मिळविले असता मिळतो. महाराष्ट्रातील लेखांत दोन्ही गणना आढळतात. शकाला संवत समजले की मूर्ती १३५ वर्षांनी म्हातारी होते. माहितीफलकांवर अशी चूक होऊ नये म्हणून आकडा लिहिताना तो शक की संवत, हे लेखात जसे असेल तसेच लिहावे. चक्रेश्वराच्या लेखात तिथीबरोबर वारही आहे : फाल्गुन शुद्ध तृतीया, बुधवार. गणित करून पाहिले असता तो दिवस २१ फेब्रुवारी १२३५ येतो, आणि त्या दिवशी बुधवारच होता. कोरणाऱ्याने एक शब्द अधिक कोरला म्हणून आठशे वर्षांनंतर पडताळा घेता येतो.

अशा ओळी रोजच्या अभिषेकाने, आणि त्याहून अधिक त्यानंतरच्या घासण्याने झिजतात. अभिषेक थांबवावा असे कोणीच म्हणत नाही. झिजण्यापूर्वी त्या उतरवून ठेवाव्यात, एवढेच. काम अवघड नाही. रात्रीच्या वेळी अक्षरांच्या बाजूने, तिरका प्रकाश पाडून छायाचित्र घेतले की पुसट अक्षरेही उठून दिसतात. अक्षरांत खडू, कुंकू किंवा रंग भरू नये. त्याने आजचे वाचन सोपे होते आणि उद्याचे कायमचे बिघडते. प्रतिमेची उंची, पाषाण की धातू, लांछन, लेख जसा दिसतो तसा, न वाचलेल्या अक्षरांची जागा मोकळी ठेवून. मंदिराचे दार कोणत्या दिशेस, जुना भाग कोणता, नवा कोणता. प्रतिमा अन्यत्रून आली असल्यास कोठून आणि कोणाच्या सांगण्यावरून. एका मंदिराला दोन-तीन दिवस पुरतात.

महानुभावांनी हे काम फार पूर्वी केले. त्यांची ‘स्थानपोथी’ म्हणजे श्रीचक्रधर स्वामी जेथे जेथे बसले, राहिले त्या स्थानांची नोंद. देऊळ कोणत्या दिशेला, दार कोणीकडे, ओटा कोठे, हे सर्व त्यात टिपलेले आहे. त्यांतील अनेक देवळे पडली, तरी ती कोठे होती हे आजही सांगता येते. जिनप्रभसूरींनी चौदाव्या शतकात ‘विविधतीर्थकल्प’ रचून पैठणसह कित्येक तीर्थांच्या कथा जतन केल्या, ही जैन परंपराही तितकीच जुनी आहे. पण कथा आणि मोजमाप या दोन वेगळ्या वस्तू आहेत. नेमगिरीच्या ठेंगण्या दारांची, उखळदहून आलेल्या नेमिनाथांची, अर्धापूरहून आलेल्या मल्लिनाथांची स्थानपोथी असावयास हवी, आणि ती त्या-त्या क्षेत्री राहणाऱ्यांइतकी चांगली दुसरा कोणी लिहू शकणार नाही.

शेवटी वेरूळच्या प्रवासाविषयी दोन व्यावहारिक गोष्टी. मंगळवारी लेणी बंद असतात, तो वार टाळावा. आणि वेरूळचा डोंगर पश्चिमाभिमुख आहे. सकाळी लेण्यांच्या तोंडाशी सावली असते; दुपारनंतर सूर्य समोर येतो आणि उजेड आतपर्यंत शिरतो. नेमक्या याच वेळी यात्रेकरूंची गाडी भोजनासाठी निघालेली असते. म्हणून क्रम उलटा करावा. सकाळी लवकर डोंगरावर पार्श्वनाथांचा अभिषेक, नंतर भोजन, कैलास थोडक्यात, आणि दुपारी तीनच्या सुमारास थेट उत्तरेच्या टोकाला. सायंकाळचे भोजन सूर्यास्तापूर्वी उरकायचे असल्याने डबा बरोबर ठेवावा आणि लेण्यांच्या आवाराबाहेर येऊन तो घ्यावा. म्हातारी माणसे बरोबर असतील तर इंद्रसभेचा वरचा मजला चढताना हात धरावा. पायऱ्या झिजलेल्या आहेत. वर गेल्यावर मंडपात जरा बसून घ्यावे, आणि बाहेरचा उजेड आत पसरत असताना एकदा पार्श्वनाथांच्या भिंतीकडे आणि एकदा बाहुबलींच्या भिंतीकडे पाहावे.